थंडीतही न निजणारे अणू

मंडळाच्या मागच्या बैठकीत क्वांटम संगणकाचा विषय निघाला होता. हे यंत्र निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, ताऱ्यांमधल्या पोकळीपेक्षाही शंभराहून जास्त पट थंड ठेवावं लागतं, कारण उष्णतेची जराशी हालचालसुद्धा त्याचं काम बिघडवते, असं मी सांगत होतो. तेव्हा बी.ए.च्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, सगळं इतकं गोठवल्यावर गडबड करायला तिथे उरतं तरी कोण?" तेवढ्यात चहा आला, बैठक मोडली आणि प्रश्न तसाच राहिला. उत्तर लिहूनच द्यावं असं मी ठरवलं, कारण प्रश्न अगदी नेमका आहे. जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा गेली वीस वर्षं हाच प्रश्न विचारत आहेत.

एका वाक्यात सांगायचं तर, उरतात काही अणू, ज्यांना बसायला एकाऐवजी दोन जागा आहेत. पण एवढ्याने समाधान होणार नाही. हे अणू असतात कुठे, थंडीत जागे का राहतात, आणि त्यांच्या हालचालीने एवढं मोठं यंत्र का अडावं, हे क्रमाने बघू. विज्ञान शाखेच्या मंडळींना मधला काही भाग ओळखीचा वाटेल, त्यांनी तो भरभर वाचावा.

आपलं मंडळ साहित्याचं, म्हणून आधी शब्दांचं बघू. 'नॉइज'ला पटकन 'गोंगाट' म्हटलं जातं. पण गोंगाट लग्नाच्या मांडवात असतो. इथे जे आहे ते स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओच्या खरखरीसारखं आहे, हळू पण थांबता न थांबणारं. मी 'खरखर' म्हणेन. 'डीकोहिरन्स'साठी कोशात जडजड शब्द सापडतात. मी 'सुसंगती ढळणं' म्हणतो, आणि ते दोन तऱ्हांनी होतं हे लक्षात ठेवायचं. अंगणात दोन झोके एकदमच सोडले अशी कल्पना करा. पहिली तऱ्हा म्हणजे एक झोका हळूहळू मंदावून थांबतो, त्याची ऊर्जा निघून जाते. दुसरी तऱ्हा जास्त फसवी आहे. दोन्ही झोके जोरात चालू असतात, पण एकाची गती मधेमधे किंचित बदलत राहते आणि थोड्या वेळाने कोण पुढे, कोण मागे, याचा हिशेबच राहत नाही. क्वांटम संगणकाची सगळी करामत या हिशेबावर चालते. झोका थांबला तरी गणित बुडतं, आणि हिशेब चुकला तरी बुडतं.

आता हा झोका कशाचा केलेला असतो ते बघू. काही धातू पुरेसे थंड केले की त्यांचा विद्युतरोध कमी होत होत नव्हे, तर एकदम नाहीसा होतो. हे १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्यावर प्रथम दिसलं. या अवस्थेतल्या धातूला आपण अतिसंवाहक म्हणतो. अॅल्युमिनियम साधारण १.२ केल्विनखाली अतिसंवाहक होतो. सिलिकॉनच्या किंवा कृत्रिम नीलमण्याच्या चकतीवर अशा धातूचा पातळ थर देऊन त्यातून एक छोटं मंडल कोरायचं, म्हणजे विद्युतप्रवाह त्यात झोक्यासारखा मागेपुढे हेलकावतो, सेकंदाला सुमारे ५ अब्ज वेळा. हेच ५ गिगाहर्ट्झ. रोध नसल्यामुळे हा झोका खूप वेळ चालावा अशी अपेक्षा असते.

पण साधा झोका संगणकाला चालत नाही. त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. आपल्याला तर फक्त तळाची पायरी आणि तिच्या वरची, अशा दोनच वेगळ्या ओळखता यायला हव्यात, त्यांनाच शून्य आणि एक म्हणायचं आहे. पायऱ्या असमान करण्यासाठी मंडलात एक खास भाग घालतात, त्याला जोसेफसन जंक्शन म्हणतात. अॅल्युमिनियमचा एक थर, त्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा १ ते २ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मोजक्या अणूंच्या उंचीचा पापुद्रा, आणि त्यावर पुन्हा अॅल्युमिनियम. ऑक्साइड विद्युतरोधक आहे, तरी अतिसंवाहक अवस्थेतल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्यातून पलीकडे जातात. हे होईल असं केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसनने १९६२ साली, बाविसाव्या वर्षी, कागदावर गणित मांडून सांगितलं. त्या काळात फिलिप अँडरसन अमेरिकेहून केंब्रिजला शिकवायला आले होते आणि जोसेफसन त्यांच्या वर्गाला बसत होता. अँडरसन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

हे जंक्शन असलेल्या मंडलाला क्यूबिट म्हणतात. ते १० ते २० मिलिकेल्विन इतक्या तापमानात ठेवतात. का, तर ५ गिगाहर्ट्झच्या एका पायरीची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सांगायची तर सुमारे २४० मिलिकेल्विन होते. आजूबाजूची उष्णता त्याहून खूप कमी असेल, तरच क्यूबिट आपला आपण वरच्या पायरीवर उडी मारणार नाही. इथपर्यंत सगळं ठीक आहे.

आता तो ऑक्साइडचा पापुद्रा बघा. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरातल्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यावरही हाच थर असतो. हवा लागताच तो आपोआप तयार होतो, आणि त्याच्यामुळेच पातेलं लोखंडासारखं गंजत जात नाही. क्यूबिट करतानाही रीत तीच. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर द्यायचा, थोडा ऑक्सिजन आत सोडायचा, काही वेळ थांबायचं, पुन्हा अॅल्युमिनियमचा थर द्यायचा. सोपं काम आहे, पण असा घाईने तयार झालेला ऑक्साइड स्फटिक नसतो. स्फटिकात अणू पीटीच्या तासाला मैदानावर उभ्या केलेल्या मुलांसारखे असतात, प्रत्येकाची जागा आखलेली. आपल्या पापुद्र्यात मात्र रात्री अकरा वाजताचा सराफा असतो. सगळे उभे आहेत, पण ज्याला जशी जागा मिळाली तसा. कुणाचा खांदा दाबलेला, कुणाच्या पायाशी मोकळी जागा. अशा रचनेला अस्फटिकी म्हणतात, आणि तिचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे काच.

काचेची गोष्ट क्यूबिटच्या कितीतरी आधीची आहे. स्फटिक थंड करत नेला की त्यात उष्णता साठवायची ताकद तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. तापमान निम्मं केलं की ताकद एक अष्टमांश होते. काचही फार थंडीत असंच वागेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. १९७१ साली झेलर आणि पोल यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवलं की १ केल्विनच्या खाली काचेची ही ताकद साधारण तापमानाच्याच प्रमाणात घटते, म्हणजे पुष्कळच सावकाश. तापमान निम्मं, तर ताकदही जवळपास निम्मीच. थोडक्यात, काचेच्या आत काहीतरी असं होतं की जे गोठायला तयार नव्हतं आणि उष्णतेचे बारीक बारीक घास घेत होतं.

पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, याचा उलगडा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाला. एकीकडे ब्रिटनमध्ये फिलिप्स. दुसरीकडे अँडरसन, हाल्पेरिन आणि वर्मा. हे अँडरसन म्हणजे जोसेफसनला शिकवणारे तेच, आणि वर्मा म्हणजे भारतात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ चंद्र वर्मा. त्यांचं म्हणणं असं. सराफ्याच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. जागा सोडून जाता येत नाही, पण उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेता येतो. दोन्ही स्थिती जवळजवळ सारख्याच सोयीच्या. काचेतल्या काही अणूंना, किंवा अणूंच्या छोट्या टोळक्याला, अशाच दोन जागा असतात. दोन खड्डे, मधे एक उंचवटा. उंचवटा चढून जायला उष्णता लागते आणि ती तर काढून घेतलेली आहे. पण क्वांटम जगात डोंगर न चढताही पलीकडे पोचता येतं. यालाच टनेलिंग म्हणतात, आणि त्याला उष्णता लागत नाही. म्हणून थंडीचा इथे इलाज चालत नाही.

दोन जागा आणि त्यांच्यातली ये-जा, यांतून त्या अणूलाही दोन ऊर्जापातळ्या मिळतात. त्याला आपण द्विस्तरी दोष म्हणू. गर्दीत प्रत्येकाची अडचण वेगळी, म्हणून प्रत्येक दोषाच्या दोन पातळ्यांमधलं अंतरही वेगळं. कुठलीही वारंवारता घ्या, तिच्याशी जुळणारा एखादा दोष कुठेतरी सापडतोच.

आता क्यूबिटच्या व्याख्येशी हे ताडून बघा. क्यूबिट म्हणजे दोन पातळ्यांची क्वांटम वस्तू. द्विस्तरी दोष म्हणजेही दोन पातळ्यांची क्वांटम वस्तू. म्हणजे आपण खटपटीने एक क्यूबिट घडवतो आणि त्याच्याच पोटात निसर्गाने फुकट केलेले, कुणी न मागितलेले क्यूबिट बसलेले असतात. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफेच्या तारा आठवा. त्या कुणी छेडत नाही, पण वरच्या तारेवर त्यांचा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. त्या झंकाराची ऊर्जा वरच्या तारेतूनच गेलेली असते. गवयाला तो झंकार हवा असतो. क्यूबिटला मात्र तो परवडत नाही, कारण त्याच्यापाशी ऊर्जेचा एकच कण असतो. तो गेला की सगळं गेलं. आणि अणू कोणत्या वाटेने क्यूबिटची ऊर्जा घेतो? त्याच्यावर थोडा विद्युतभार असतो, म्हणून तो इकडून तिकडे सरकला की एक सूक्ष्म द्विध्रुव हलतो. क्यूबिटचं विद्युतक्षेत्र त्या द्विध्रुवाला ओढतं.

आता या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. थंड केल्याने हे दोष शांत होत नाहीत, उलट जास्त खादाड होतात! पंगतीचं उदाहरण घ्या. तापमान जास्त असेल तर निम्मे दोष वरच्या पातळीवर असतात आणि निम्मे खालच्या. खालचे ऊर्जा घेतात, वरचे परत देतात, घेणं-देणं जवळपास फिटतं. ही जेवून तृप्त झालेली पंगत. जिलबी आली तरी ताटातून ताटात फिरते. पण २० मिलिकेल्विनला ५ गिगाहर्ट्झचे दोष घेतले तर दीड लाखात एखादाच वरच्या पातळीवर सापडतो. बाकी सगळी पंगत उपाशी, आणि वाढायला जिलबी एकच. अर्थात त्यातली जी वारंवारतेने जुळणारी ताटं असतील, तीच तिच्यावर झडप घालतात. मोठा संकेत पाठवला तरी पंगत तृप्त होते आणि गळती कमी दिसते. म्हणून एखादा पदार्थ चांगला की वाईट, हे जोरदार संकेत लावून तपासलं तर खोटी खात्री मिळते. एकाच कणाइतका मंद संकेत आणि कडाक्याची थंडी, या अवस्थेतच खरा क्षय मोजता येतो, आणि क्यूबिटला नेमकं त्याच अवस्थेत काम करायचं असतं.

हे सगळं काचवाल्यांना १९७० च्या दशकातच ठाऊक होतं. क्यूबिटवाल्यांपर्यंत ते पोचायला तीस वर्षं लागली. १९९९ साली जपानमधल्या एनईसीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साय यांनी अतिसंवाहक मंडलात पहिल्यांदा क्यूबिटचे हेलकावे दाखवले, तेव्हा ते काही नॅनोसेकंदच टिकले होते. खरखर बाहेरून येते, तारांतून, उपकरणांतून, असा संशय घेणं स्वाभाविक होतं, आणि तो काही अंशी खराही होता. पण २००४ साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला सिमंड्स, मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक चित्र दिसलं. क्यूबिटची वारंवारता हळूहळू बदलत नेली की आलेखावर एक सलग रेघ दिसायला हवी. ती ठिकठिकाणी तुटलेली होती. तुटलेल्या जागी रेघेची दोन टोकं एकमेकांना टाळून बाजूला वळत होती. दोन क्वांटम वस्तू एका वारंवारतेवर आल्या आणि त्यांच्यात देवाणघेवाण असली की नेमकं असंच होतं. प्रत्येक तुटलेली जागा म्हणजे जंक्शनमधला एकेक दोष.

पुढच्या वर्षी मार्टिनिस यांच्या गटाने ही गळती काचेच्या त्याच जुन्या सिद्धांतात बसवून दाखवली. मंडलातला विद्युतरोधक पदार्थ बदलला, जंक्शन लहान केलं, आणि क्यूबिटचं आयुष्य २० पट वाढलं. याच जॉन मार्टिनिसना पुढे २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जॉन क्लार्क आणि मिशेल डेव्होरे यांच्याबरोबर. ते मात्र १९८० च्या दशकातल्या वेगळ्या प्रयोगांसाठी, हातात धरता येईल एवढ्या मंडलातही टनेलिंग होतं हे दाखवल्याबद्दल. वर्तमानपत्रांत तेवढंच छापून आलं. माझ्या मते २००५ चं काम कमी मोलाचं नाही. त्याने दोषाला पत्ता दिला.

२००८ साली सांता बार्बराच्या गटाने तर गंमतच केली. क्यूबिटमधली माहिती मुद्दाम एका दोषात ठेवली, थोडा वेळ थांबून परत काढली, आणि ती शाबूत निघाली. त्या दोषाची स्मृती त्या क्यूबिटपेक्षा जास्त टिकत होती! चोराच्याच घरात दागिने सुरक्षित राहावेत, तसं झालं.

मग जंक्शन आणखी लहान करत का न्यायचं नाही? तेच केलं. २००५ च्या मोजमापानुसार जंक्शनच्या दर चौरस मायक्रोमीटरमागे आणि दर गिगाहर्ट्झमागे साधारण अर्धा दोष येतो. जंक्शन १० चौरस मायक्रोमीटरचं असेल तर एका गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच दोष, म्हणजे सुटकाच नाही. आजच्या क्यूबिटांत जंक्शनची बाजू मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे क्षेत्रफळ ०.०४ धरा. तेव्हा तेवढ्याच पट्ट्यात ०.०२ दोष. पन्नास क्यूबिटांमागे एक. ही मोठी सुधारणा आहे, पण तिने प्रश्नाची जातच बदलली. पूर्वी प्रत्येक क्यूबिट थोडा थोडा आजारी असे. आता बहुतेक ठणठणीत, आणि एखाद्याच्या नशिबी मात्र नेमका जुळणारा दोष. सरासरीचं गणित संपलं आणि नशिबाचं सुरू झालं.

शिवाय जंक्शन सोडून बाकीचा धातू आहेच. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड असतो, धातू आणि चकती यांच्या सांध्यात मळ असतो, चकतीच्या उघड्या भागावर पातळ थर असतो. हे थर काही नॅनोमीटरचेच, म्हणून क्यूबिटच्या विद्युतक्षेत्राच्या ऊर्जेचा, समजा, हजारावा भागच त्यांच्या वाट्याला येतो. आणि त्या थरात शिरलेल्या ऊर्जेची गळतीही हजारात एकच धरू. हजाराचा हजारावा म्हणजे दहा लाखात एक. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण सेकंदाला ५ अब्ज हेलकावे घेणाऱ्या झोक्याला एवढी गळती असेल तर गणिताने त्याचं आयुष्य ३० मायक्रोसेकंदांच्या आसपास येतं. गिरणीतल्या पीठासारखं आहे, दाणा दिसत नाही पण सगळं अंग पांढरं होतं.

आता खरखरीकडे वळू. आतापर्यंत बोललो ते ऊर्जा नेणाऱ्या दोषांबद्दल, ज्यांच्या पातळ्यांमधलं अंतर क्यूबिटएवढं असतं. पण ज्यांचं अंतर फार कमी आहे, असेही पुष्कळ असतात. ०.२ गिगाहर्ट्झचा दोष घ्या. त्याच्यासाठी २० मिलिकेल्विनची थंडी ही थंडीच नाही, शंभरातले अडतीस वरच्या पातळीवर असतात आणि खाली-वर उड्या मारत राहतात, कधी सेकंदाला हजारदा, कधी तासाला एकदा. हे क्यूबिटची ऊर्जा नेत नाहीत. पण त्यांच्या शेजारी एखादा मोठा दोष असेल तर प्रत्येक उडीबरोबर त्याची वारंवारता किंचित सरकते. तो मोठा दोष सरकत सरकत क्यूबिटच्या वारंवारतेवर आला की क्यूबिटचं आयुष्य घटतं, पलीकडे गेला की पुन्हा वाढतं. तरफेची एखादी तार कुणी न शिवता आपोआप उतरावी आणि चढावी, तसं. गूगलच्या गटाने २०१८ मध्ये क्यूबिटच्या वेगवेगळ्या वारंवारतांवर तासन् तास मोजणी करून हे सरकणं टिपलं. एकच क्यूबिट, एकच थंडी, कुणी हात लावलेला नाही, आणि सकाळचं आयुष्य संध्याकाळी निम्मं. म्हणून "आमचा क्यूबिट इतके मायक्रोसेकंद टिकतो" असं वाक्य कुठे वाचलंत तर केव्हा आणि किती वेळ मोजलं ते विचारा. सगळी चकती खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा थंड केली तर दोषांची मांडणीच बदलते. पत्ते पिसून पुन्हा वाटल्यासारखं. नवा डाव चांगला येईलच असं नाही.

हे दोष नेमके आहेत कुठे, हे शोधण्याचा मार्ग जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या गटाने काढला आणि तो मला फार देखणा वाटतो. २०१२ साली त्यांनी क्यूबिटची चकती मागून दाबून अगदी किंचित वाकवली. वाकल्यावर अणूंमधली अंतरं बदलतात, दोन खड्ड्यांची खोली बदलते, आणि दोषाची वारंवारता सरकते. सिद्धांताने सांगितलं होतं त्याच वळणाची रेघ मिळाली. म्हणजे हे दोष खरोखर पदार्थाच्या रचनेतलेच. नंतर, २०१९ साली, त्यांनी वाकवण्याच्या जोडीला बाहेरून विद्युतक्षेत्रही लावलं. जंक्शनच्या आतला दोष दोन्ही बाजूंनी धातूने झाकलेला, तिथे बाहेरचं क्षेत्र पोचत नाही. म्हणून वाकवल्यावर हलला पण क्षेत्राने हलला नाही, तो जंक्शनमधला. दोन्हींनी हलला, तो उघड्या पृष्ठभागावरचा. एकेका अणूच्या जागेची अशी चौकशी इतर कुठल्याही उपकरणाने करणं फार अवघड. ती क्यूबिटनेच करून दिली, ज्याला त्या अणूचा त्रास होतो त्यानेच.

चुंबकीय खरखर वेगळी आहे, तिच्याबद्दल दोनच शब्द. तिचं कारण पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चुंबकांत आहे, आणि २०१६ मधल्या प्रयोगांत असं दिसलं की पृष्ठभागाला चिकटलेला ऑक्सिजन हा त्यातला एक मोठा गुन्हेगार आहे. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन, त्याचा रेणू स्वतः चुंबकीय असतो. तो दूर ठेवला की खरखर उतरते. विश्वकिरणांचा आणि किरणोत्साराचाही त्रास क्यूबिटला होतो, पण तो विषय निराळा.

इलाज बहुतेक करून रसायनशास्त्रातले आणि धातुशास्त्रातले आहेत. २०२१ साली प्रिन्स्टनच्या गटाने क्यूबिटच्या मोठ्या भागासाठी टँटलम वापरला. त्याचा ऑक्साइड पातळ आणि नीटस असतो, आणि हा धातू जहाल आम्लांना दाद देत नाही, म्हणून पृष्ठभाग कडक धुता येतो. आयुष्य ०.३ मिलिसेकंदावर गेलं. २०२५ मध्ये टँटलम आणि शुद्ध सिलिकॉन यांच्या जोडीने ते १ मिलिसेकंदाच्या पुढे पोचलं. १९९९ च्या नॅनोसेकंदांशी तुलना केली तर लाखो पट. एवढं करूनही जंक्शनमधला पापुद्रा मात्र अॅल्युमिनियम ऑक्साइडचाच राहिला आहे. त्याच्याशिवाय क्यूबिटच होत नाही.

आपल्या इंदूरचा या विषयाशी थेट नसला तरी एक धागा आहे. राजा रामन्ना केंद्रात, ज्याला आपण अजून 'कॅट'च म्हणतो, कणत्वरकांसाठी नायोबियमच्या अतिसंवाहक पोकळ्या घडवतात. तशाच पोकळ्या अमेरिकेतल्या फर्मीलॅबने मिलिकेल्विनपर्यंत थंड करून एकेका कणाइतक्या मंद संकेताने तपासल्या, तेव्हा तिथेही नायोबियमच्या ऑक्साइडमधले हेच द्विस्तरी दोष सापडले. त्वरकात संकेत इतका जोरदार असतो की पंगत कायम तृप्त, म्हणून तिथे ते कुणाला जाणवत नव्हते. पोकळी निर्वातात तापवून ऑक्साइड विरघळवला आणि २०२० मध्ये त्यांनी २ सेकंद टिकणारा हेलकावा दाखवला. सेकंद, मायक्रोसेकंद नव्हे. अतिसंवाहक क्यूबिटचं काम महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालतं. तिथे घडवलेल्या ६ क्यूबिटांच्या चकतीची पूर्ण चाचणी २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेबरोबर झाली. सहा हा आकडा लहान वाटेल, पण वरचं नशिबाचं गणित त्या सहांनाही लागू आहेच.

पुढच्या बैठकीसाठी एक उदाहरण देतो, कला शाखेच्या मंडळींनीही करून बघावं, गुणाकाराच्या पलीकडे काही नाही. एका चकतीवर १०० क्यूबिट आहेत. प्रत्येकाचं जंक्शन ०.०४ चौरस मायक्रोमीटरचं, आणि प्रत्येकाला कामासाठी १ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा हवा. जंक्शनमधल्या दोषांमुळे सरासरी किती क्यूबिट अडतील? आणि तशीच चकती १००० क्यूबिटांची केली तर? दुसऱ्या उत्तराबरोबर एवढंही लिहून आणा की अडलेल्या क्यूबिटांचं काय करावं असं तुम्हाला वाटतं: टाकून द्यावे, त्यांची वारंवारता बदलावी, की सगळी चकती पुन्हा गरम करून नवा डाव मांडावा.